बर्फगाडीचा नंबर

शारजातल्या आमच्या खोलीला खिडकी एकच होती आणि तीही एसीने अडवलेली. त्यामुळे बाहेरचं जग आम्हाला दिसायचं नाही, ऐकू यायचं. पहाटेची अजान, पाण्याच्या टँकरचा पाइप टाकीवर आपटल्याचा आवाज, शेजारच्या गॅरेजचं शटर वर जातानाची कडकड, आणि या सगळ्याच्या खाली एसीची अखंड घरघर. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की एसी बंद पडला की आम्ही चौघेही जागे व्हायचो. हल्ली मी अल नहदाला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. विसाव्या मजल्यावर भिंतभर काचा आहेत, पार दुबईपर्यंतच्या इमारती दिसतात, आणि एसी इतका मुका आहे की चालू आहे का ते हात वर करून बघावं लागतं. झोप मात्र त्या खोलीत यायची तशी इथे येत नाही.

त्या खोलीत माझी खाट दाराजवळ होती आणि भावोजींची भिंतीकडची. भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, यशवंत. त्यांनीच मला व्हिसा मिळवून दिला आणि विमानतळावर घ्यायलाही तेच आले होते. मी एकोणीस वर्षांचा होतो, वडील नुकतेच गेले होते, आणि अक्काने त्यांना कळवलं होतं की माझ्या भावाला तुमच्याजवळ ठेवून घ्या. त्यांनी ठेवून घेतलं म्हणजे कसं, तर पहिले पंधरा दिवस स्वतः जमिनीवर झोपून मला आपली खाट दिली. स्वयंपाकाची पाळी चौघांत वाटलेली होती, पण शुक्रवार भावोजींचा. गावाहून येणारा कोणीतरी कुळीथ आणि सुक्या कोलंबीचे सोडे आणून द्यायचा. ते डबे त्यांच्या खाटेखाली कुलपात असत. शुक्रवारी सकाळी ते कुळथाची पिठी करायचे, सोडे भाजून भातावर कुस्करायचे, आणि खोलीतला केरळचा माणूस नाक दाबून दारात उभा राहायचा. "यशवंतभाई, ये क्या जलाया?" तो विचारायचा. "मेरा गाँव जलाया," भावोजी म्हणायचे, आणि मग त्यालाच पहिलं ताट वाढायचे. अजून त्या वासाची मला आठवण येते ती नाकात नव्हे, जिभेच्या मुळाशी येते. इथल्या सुपरमार्केटात आता कुळथाचं पीठ पाकिटात मिळतं. सूनबाई आणते, मनापासून करते. मी छान झालीय म्हणतो.

जेवणं झाली की टेपरेकॉर्डर निघायचा. अक्काला पत्र लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं वाटे, म्हणून ती कॅसेट भरून पाठवायची. मागे कोंबड्यांचा आवाज, मिलिंदचं, म्हणजे माझ्या भाच्याचं, किरकिरणं, आणि मधूनच ती कोणावर तरी ओरडायची, "अरे गुरं शिरली बघ वाड्यात!" मग पुन्हा आवाज खाली आणून, "हां, तर काय सांगत होते..." भावोजी डोळे मिटून ऐकायचे. एकच कॅसेट महिनाभर. गुरं कुठे शिरतात आणि मिलिंद कुठे रडतो ते आम्हाला पाठ झालं होतं, तरी त्या जागी आम्ही दोघे हसायचो.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शारजाला येण्याआधी तीन वर्षं मी चिपळूणला एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायचो. लग्नसराईत तांब्यांपासून हंड्यांपर्यंत शेकडो भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख छिन्नीने टिंब टिंब ठोकून काढायची. शेटला माझं अक्षर आवडे. पण हात बसला तो दुसऱ्याच कामात. दुकानात मोडीत जुनी भांडी यायची. त्यातली धड असलेली शेट बाजूला काढायचे आणि माझ्यापुढे ठेवायचे. "आधी नाव काढ," ते म्हणायचे, "परक्याचं नाव असलेल्या तांब्यातलं पाणी कोणाच्या घशाखाली उतरणार?" मग आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हलक्या हातोडीने ठोकत जायचं, वर कानस, त्यावर पॉलिशपेपर. बोट फिरवलं तर जागा सापडू नये, इतकं साफ. जुनी वस्तू विकायची म्हणजे आधी तिच्यावरचं नाव घालवायचं, हे माझ्या हातात असं मुरलं होतं की त्यासाठी डोकं चालवावं लागत नसे.

अरबाबच्या यार्डात आम्ही दोघे कामाला होतो. अरबाब म्हणजे मालक, सगळे त्यांना तसंच म्हणत. परदेशातून जुनी यंत्रं कंटेनरने यायची, दुरुस्त होऊन पुढे विकली जायची. भावोजींकडे यार्डाच्या किल्ल्या होत्या आणि आलेल्या प्रत्येक यंत्राचा नंबर वहीत टिपून घ्यायचं काम होतं. मी पुसायचो, घासायचो, रंगवायचो. एकदा कॅनडाहून आलेल्या कंटेनरमध्ये जनरेटरांच्या मागे एक अजब वस्तू निघाली. पुढे होडीसारखं तोंड, त्याखाली घसरायच्या दोन पट्ट्या, वर मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल, मागे रबराचा रुंद पट्टा. चाक एकही नाही. आमचा पठाण मेकॅनिक गुलखान तिच्याभोवती तीनदा फिरला. "भाई, इसका टायर किसने चोरी किया?"

"चोरी नाय," भावोजी म्हणाले, "घाईघाईत निघाली असेल बिचारी. चाकं घरी राहिली."

संध्याकाळी अरबाबने सांगितलं, ही बर्फावर चालते. त्यावर तर यार्डात हसून हसून पुरेवाट झाली, कारण शारजात बर्फ आम्ही पाहिला होता तो मासळीच्या पेट्यांत. आम्ही तिचं नाव बर्फगाडी ठेवलं. खरं नाव स्नोमोबाइल, ते पुढे कळलं. पण अरबाब व्यापारी माणूस. आठवड्यात त्यांनी एक लेबनानचं गिऱ्हाईक शोधलं. तिकडे डोंगरावर बर्फ पडतो, लोक हौसेने खेळायला जातात. "नया माफिक चाहिए," अरबाब भावोजींना म्हणाले, आणि भावोजी मला म्हणाले, "सदा, नव्या नवरीसारखी कर हिला."

मी केली. दोन दिवस खपून केली. उजव्या बाजूला, पाय ठेवायच्या पट्टीच्या वर, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर दहा-बारा आकड्या-अक्षरांची एक ओळ ठोकलेली होती. थोडी वाकडी, काही ठसे खोल, काही उथळ, आमच्या दुकानातल्या नवशिक्याने घातल्यासारखी. मला वाटलं, कोणा कॅनडावाल्याने आपलं काहीतरी घातलंय. मी ती वाचलीही नाही. आत रबराचा पट्टा आडवा येत असल्याने ठोकळा धरायला जागा नव्हती, म्हणून नुसतीच कानस चालवली, मग पॉलिशपेपर, मग जुनं फडकं. तेवढी जागा आरशासारखी झाली. भावोजींनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "वा रे वा. चिपळूणची विद्या!"

चार दिवसांनी बंदरावरच्या एजंटाचा निरोप आला. कागदांवर इंजिनचा नंबर आहे तो चालणार नाही, गाडीच्या अंगावरचा नंबर पाहिजे. भावोजींनी वही उघडली. त्यांनी जनरेटरांच्या सवयीने इंजिनवरचाच नंबर टिपला होता. "असेल कुठेतरी," ते म्हणाले आणि आम्ही शोधायला लागलो. सीट काढली. पुढचं तोंड उघडलं. गुलखान खाली आडवा झाला आणि ग्रीसने माखून बाहेर आला. "हबीबी, नंबर नहीं है, खलास." भावोजी टॉर्च घेऊन इंच न् इंच बघत होते. दुसऱ्या बाजूला मीही फडकं घेऊन पुसत होतो, वाकून बघत होतो, "इथे नाही, इथेही नाही" म्हणत होतो. एजंटाचा निरोप ऐकला त्याच क्षणी मला कळलं होतं की तो नंबर कुठे आहे. तिथे मी एकदाही पाहिलं नाही. आज लिहिताना हात अडतो तो त्या दिवसापाशी. चूक झाली ती अजाणतेपणी. शोधायचं नाटक मात्र जाणून केलं.

मग तपासणीचा साहेब आला. त्याला अशा गाड्यांची माहिती असावी. तो सरळ उजव्या बाजूला गेला, गुडघ्यावर बसला, आणि बोट त्या चकचकीत जागेवर ठेवलं. बाकीचा पत्रा धुतलेला पण जुनाट, आणि तेवढाच टीचभर आरसा. "ये घिसा हुआ है," तो म्हणाला. "नंबर कोई घिसता है तो माल चोरी का होता है." अरबाबचा चेहरा उतरला. तिथे तीस वर्षांत त्यांच्या नावाला कोणी बोट लावलं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, यार्डाच्या किल्ल्या कोणाकडे?

त्या दुपारी भावोजींनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं. रागावलेले नव्हते. खांद्यावर हात होता. "सदा, गाडी तू घासलीस. तिथे काही होतं का रे? खरं सांग. चुकून झालं असेल तर आपण जाऊन सांगू, दोघं मिळून."

"नाही भावोजी," मी म्हणालो. "तिथे आधीपासून तसंच होतं."

"नक्की?"

"अक्काची शपथ."

त्यांनी खांद्यावर दोनदा थोपटलं. मग ऑफिसात जाऊन अरबाबना म्हणाले, "लडका नया है, उसने हाथ नहीं लगाया. मैं जिम्मेदार हूँ." मी दाराबाहेर उभा होतो आणि ऐकत होतो.

का खोटं बोललो, याची उत्तरं मी आयुष्यभर तयार करत आलो आहे. वय, भीती, घरी आईला काय सांगू, परत गेलो तर पुन्हा छिन्नी-हातोडी. सगळी खरी आहेत आणि त्यांतलं एकही पुरत नाही. भावोजी म्हणाले होते की दोघं मिळून सांगू. एकट्याने जायचंही नव्हतं मला.

भावोजींची आठवड्याभरात गावी रवानगी ठरली. पोलिसात प्रकरण जाऊ नये म्हणून अरबाबनी तेवढ्यावर भागवलं, आणि ती त्यांची दयाच होती, असं सगळे म्हणत. जायच्या आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत यार्ड रिकामं असताना मी बर्फगाडीपाशी गेलो. भांड्यावर नाव ठोकलं की आतल्या बाजूला टिंबं उठतात. बाहेरून घासून नाव गेलं तरी ठोकळा लावला नसेल तर आतली टिंबं राहतात, आंधळ्यालाही बोटाने कळतात. मी पाठीवर झोपलो, रबराचा पट्टा आणि पत्रा यांच्या फटीतून खांद्यापर्यंत हात घातला. आत काजळी आणि चिकट घाण होती. ती चिंधीने पुसली, बोटाला खडूची पूड लावली, आणि सावकाश चाचपलं. आकडे उठलेले होते. सगळे. गाडी जरा कलती करून आरसा आत धरला, तेव्हा खडू लागलेले आकडे आरशात सरळ उमटले. मी ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतले.

पुठ्ठा हातात घेऊन मी ऑफिसकडे गेलो. आत भावोजी कुठल्याशा कागदावर सही करत होते. अरबाब पाठमोरे होते. भावोजींनी मान वर केली, मला दारात पाहिलं, आणि त्यांना वाटलं की मी रडवेला होऊन निरोप घ्यायला आलोय. "जा, जेवून घे," ते म्हणाले. "मघाशीच पिठी करून ठेवलीय. गार होईल."

मी खोलीवर गेलो आणि जेवलो. पुठ्ठा खिशात होता. पिठी गरम होती आणि नेहमीसारखीच चांगली झाली होती, आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला. हे मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

भावोजी गेल्यावर अकराव्या दिवशी मी तो नंबर अरबाबना दिला. युक्तीने शोधून काढला म्हणून सांगितलं. कॅनडाला चौकशी झाली, गाडी रीतसर विकलेली निघाली, चोरीचा प्रश्नच मिटला. अरबाबनी माझी पाठ थोपटली आणि वही आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी धीर करून म्हणालो, "अब यशवंतभाई को वापस बुलाइए." त्यांनी गाडीकडे बोट केलं. "लेकिन घिसा तो किसी ने घिसा," ते म्हणाले. "इन्शाल्ला, देखेंगे." तिथे मला तोंड उघडायला आणखी एक संधी मिळाली होती. मी किल्ल्या खिशात टाकल्या. त्या खोलीत भिंतीकडची खाट माझी झाली. शुक्रवारी स्वयंपाक कोणी करायचा यावर पहिल्या आठवड्यात वाद झाला, मग आम्ही हॉटेलातून आणायला लागलो. अजान, टँकर, शटर, सगळे आवाज होते तसेच होते. एवढ्या लोकांनी भरलेल्या खोलीत मला एका माणसाची इतकी उणीव भासेल हे मला माहीत नव्हतं, आणि ती उणीव मीच केली होती. अजूनही कधी डोळा लागता लागता मला त्या भिंतीकडून त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज येतो, आणि क्षणभर मी एकोणीस वर्षांचा असतो, आणि अजून काहीच झालेलं नसतं.

भावोजी पुन्हा गावाबाहेर पडले नाहीत. पंप आणि भाताच्या गिरण्या दुरुस्त करत राहिले. त्यांच्याइतका हात तालुक्यात कोणाचा नव्हता, म्हणून लोक बोलवायचे. पण काम करून ते निघून गेले की घरवाले आपले पाने-हातोडे मोजून बघायचे. हे मला गावच्याच एका माणसाने हसत हसत सांगितलं. मी दर सुट्टीला जायचो, त्यांच्यासाठी शर्टाचं कापड न्यायचो. ते मला कधी काही विचारायचे नाहीत. "अरबाब बरे आहेत ना?" एवढंच. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात अक्का पहिल्यांदा इकडे आली. मिलिंद आता अल बर्शाला राहतो, चांगल्या कंपनीत आहे. त्याने एका शुक्रवारी आम्हाला मॉलमध्ये नेलं. तिथे काचेपलीकडे खराखुरा बर्फ केलेला आहे. मिलिंदची मुलगी अक्काचा हात ओढत होती, "आजी, इट्स रिअल स्नो! कम इन्साइड!" अक्का म्हणाली, "जा बाई तूच. मला इथूनच हुडहुडी भरली." बापलेक आत गेले. आम्ही दोघं म्हातारी काचेसमोर बाकावर बसलो. तेवढ्यात आत एक गाडी घरघरत चढावर गेली. पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा पट्टा.

"ही रे कसली?" अक्काने विचारलं. "हिला चाकं कुठायत?"

मी म्हणालो, "अक्का, असल्याच गाडीपायी भावोजींना परत जावं लागलं." आणि मग थांबता आलं नाही. "तिचा नंबर त्यांनी घासला नव्हता. मी घासला होता." सगळं सांगितलं. टाकीमागचं, शपथेचं, पुठ्ठ्याचं, पिठीचं. आजूबाजूने मुलं पॉपकॉर्न खात पळत होती, कोणीतरी आमच्याच बाकावर येऊन बसलं आणि उठून गेलं.

अक्काने नजर काचेकडे वळवली. मग म्हणाली, "त्यांनी तुला विचारलं होतं?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालास."

"हो."

"माझी शपथ घेऊन."

मी मान हलवली. मला वाटलं आता ती उठून जाईल, किंवा हात उगारेल, आणि खरं सांगायचं तर तिने उगारायला हवा होता. तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"मीही विचारलं होतं," ती म्हणाली. "घरी आले त्या आठवड्यात. लोक नाही नाही ते बोलत होते. मी ताट वाढलं आणि विचारलं, खरंच तुम्ही काही केलं नाहीत ना? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. हो नाही, नाही नाही. जेवले, उठले, आणि मागल्या दारी जाऊन आपलं ताट स्वतः घासलं. त्या दिवसापासून शेवटपर्यंत आपलं ताट आपणच घासायचे. बायका म्हणायच्या, नशीबवान गो तू, परदेशाची सवय लागलीय त्यांना. मला वाटायचं, केलं असेल म्हणूनच बोलत नाहीत. इतकी वर्षं मी मनातल्या मनात चोराचा संसार केला, सदा."

काचेपलीकडून नात हात हलवत होती. अक्काने तिला हात हलवला.

"तू काहीतरी लिहितोयस, मिलिंद म्हणत होता."

"हो. जुन्या आठवणी."

"त्यात हे लिही. त्यांचं नाव घालून लिही, गावातल्या माणसांना वाचता येईल असं."

"लिहितो."

"आणि माझंही लिही," ती म्हणाली. "मी विचारलं ते. गाळू नकोस."